पाखराला भिणारी सून



गेल्या महिन्यात या सदरासाठी एका आईचं पत्र आलं. नाव-गाव छापू नका, असं तिनं लिहिलंय. तिची मुलगी अकरा वर्षांची आहे. पावसाळ्यात मगरिबनंतर घरात दिवे लागले, की ती पलंगावर चढून डोक्यावरून चादर ओढून बसते. दिव्याभोवती एखादं पाखरू फिरताना दिसलं की किंचाळते, घामाघूम होते, रडते. अभ्यास बंद, जेवणही अंथरुणातच. भावंडं हसतात. मुलीचे अब्बा म्हणतात, "एक पाखरू धरून तिच्या हातावर ठेवलं, की भीती कायमची मोडेल." आईनं विचारलंय, तसं करू द्यावं का?

उत्तर आधीच देऊन टाकते. नको, अजिबात नको. हे मी नुसतं वाचलेलं सांगत नाही. माझ्यावर हाच इलाज झालाय, आणि त्याचे परिणाम मी तीस वर्षांहून जास्त भोगलेत. ही गोष्ट मी आजवर या पानावर लिहिली नव्हती. लाज वाटायची. पण त्या मुलीसाठी आज लिहिते.

मी सात-आठ वर्षांची असेन. दापोली तालुक्यात आमचं गाव. पावसाळ्यात लाईट गेलेली, कंदील लावलेला. मी दादीशेजारी नमाजला उभी होते. एक मोठं पाखरू कंदिलावरून उडालं ते माझ्या ओढणीत शिरलं आणि मानेपाशी फडफडू लागलं. मी ओढणी फेकून किंचाळत अंगणात पळाले. घरातले सगळे पोट धरून हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या चुलतभावांना खेळच सापडला. मुठीत पाखरू धरून ते माझ्यामागे धावत. एकानं तर मी झोपले असताना माझ्या गालावर ठेवलं. "हिची भीती मोडतो," म्हणाला. भीती मोडली नाही, पक्की झाली.

लग्न झालं, मुलं झाली, भीती तशीच राहिली. फक्त ती लपवायला शिकले. जून ते ऑक्टोबर, संध्याकाळ झाली की माझ्या घराच्या खिडक्या बंद. उघड्या मांडवातलं लग्न असेल तर माझं डोकं दुखायचं. मागच्या पडवीतला बल्ब मी कधी लावत नसे, अंधारातच भांडी उचलायची. मुलांच्या अब्बांना माहीत होतं, बाकी कुणाला नाही.

मग तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. रात्री त्यांच्याजवळ कुणीतरी हवं. एक रात्र मी, एक रात्र जाऊबाई, अशी पाळी ठरली. खाटेशेजारी रात्रभर दिवा जळता ठेवावा लागे. जुलै महिना, बाहेर पावसाची झड. रात्री अडीचच्या सुमाराला एक तपकिरी पाखरू आत आलं. दिव्यावर आपटलं, भिंतीवर बसलं, तिथून माझ्या दिशेनं उडालं. मी एका उडीत खोलीबाहेर आणि दार ओढून घेतलेलं. आतून अम्मींचा आवाज आला, "पाणी." झटक्यानंतर त्यांना जे दोन-तीन शब्द नीट उच्चारता येत, त्यातला तो एक. त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या आणि मी दाराच्या कडीवर हात ठेवून उभी. हात पुढे जाईना. शेवटी जाऊबाईंना उठवलं. त्यांनी आत जाऊन पाणी पाजलं, ओढणीनं पाखरू हाकललं आणि परत येऊन झोपल्या. दोन मिनिटांचं काम.

मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण त्या रात्री मला कळलं, की ही भीती आता माझी एकटीची राहिलेली नाही. तिची किंमत तहानेलं माणूस मोजतंय.

भीती म्हणजे ईमानाची कमजोरी नव्हे

धीर करून मी एका नात्यातल्या बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "ईमान पक्कं असेल तर माणूस किड्याला भिईल का?" हे वाक्य आपल्या घरांत फार सहज बोललं जातं. ते ऐकून माणूस गप्प होतो आणि पुन्हा कुणाला सांगत नाही. म्हणून इथं एक आठवण करून देते. हजरत मूसा अलैहिस्सलाम यांच्या हातातली काठी सापासारखी वळवळू लागली, तेव्हा ते मागे वळून न पाहता निघाले, हे कुरआन शरीफात आलं आहे. पैगंबरांना भीती वाटली, यात त्यांचा कमीपणा नाही. आणि त्यांना काय सांगितलं गेलं? परत ये, भिऊ नकोस. रागावणं नाही, हसणं नाही. धीर आणि परत येण्याचा हुकूम. मला पुढे ज्या उपायानं गुण आला तोही याच दिशेचा होता: सुटून पळालेल्या माणसानं धीर धरून परत येणं.

दुआ मी रोज करत होते. दवाही शोधायला हवी हे उशिरा सुचलं. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एकदा समुपदेशक ताई येत. अम्मींची औषधं आणायला गेले असताना त्यांच्या खोलीबाहेर बसले. आत गेल्यावर आधी रडलेच. त्या हसल्या नाहीत. मला विचारलं, "पाखरू तुमचं नक्की काय करेल असं वाटतं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पाखरू म्हणजे नक्की काय?

घरात आपण ज्याला नुसतं पाखरू म्हणतो, त्याला शाळेच्या पुस्तकात पतंग म्हणतात आणि उर्दूत परवाना. शमा आणि परवान्याची जोडी तर शायरीतून आपल्या घराघरांत पोहोचलेली. पतंग हा फुलपाखराचा जवळचा नातेवाईक. जगात पतंगांच्या सुमारे १,६०,००० जातींची नोंद आहे, फुलपाखरांच्या १८,००० च्या आसपास. म्हणजे ज्यांना आपण सुंदर म्हणतो ती या मोठ्या खानदानाची एक छोटी शाखा.

पतंगाला चावायला दात नसतात, डंख मारायला नांगी नसते. बहुतेकांना फुलातला रस ओढायला बारीक सोंड असते. काहींना तर खाण्याजोगं तोंडच नसतं. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात अ‍ॅटलास नावाचा प्रचंड पतंग आढळतो, पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत २४-२५ सेंटिमीटर. तो पाहून माणूस दचकतो, पण तो बिचारा काही खाऊच शकत नाही. सुरवंट असताना अंगात साठवलेल्या चरबीवर आठवडा-दोन आठवडे जगतो आणि मरतो.

त्याच्या पंखांची पूड डोळ्यात गेली तर माणूस आंधळा होतो, असं मला लहानपणी सांगितलं होतं. ते खरं नाही. ती पूड म्हणजे पंखांवरचे अगदी बारीक खवले. डोळ्यात काहीही गेलं तर चुरचुरतं, तसंच हे. स्वच्छ पाण्यानं डोळा धुवावा. जपायचं असेल तर केसाळ सुरवंटांना जपा. त्यांच्या केसांनी अंगाला खाज सुटते, गांधी उठतात. मुलांना सुरवंटाला हात लावू देऊ नये.

आणि उपकार म्हणाल तर ईदला नेसतो ते रेशीम एका पतंगाच्या कोशातून येतं. आपल्याच राज्यात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत टसर रेशमाचे कोश जंगलातल्या झाडांवर वाढवले जातात. परसातल्या पपईच्या फुलांवर रात्री पतंग येतात आणि परागकण वाहून नेतात.

ते आपल्या अंगावर का येतं?

माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच होती. "ते मुद्दाम माझ्याच तोंडावर येतं." ताईंनी विचारलं, "तेव्हा तुमच्या हातात काय असतं?" मी आठवलं. बॅटरी! लाईट गेली की बॅटरी माझ्याच हातात. पाखरू माझ्याकडे येत नव्हतं, बॅटरीच्या उजेडाकडे येत होतं.

पाखरं दिव्याकडे का येतात, यावर २०२४ साली शास्त्रज्ञांच्या एका गटानं नवा खुलासा दिला. त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीच्या किड्यांचं उडणं टिपलं. त्यांना दिसलं, की किडे उडताना आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. हजारो-लाखो वर्षं रात्रीचा जास्त उजेड वर आकाशातच होता. पाठ उजेडाकडे म्हणजे आपण सरळ उडतोय, एवढीच त्यांची खूण. आता मध्येच दिवा आला, की पाठ दिव्याकडे वळवता वळवता ते गोल गोल फिरत राहतात, कधी उलटे होऊन कोसळतात. म्हणजे ते हल्ला करत नसतात. ते वाट चुकलेले असतात.

हे कळल्यावर माझी भीती गेली का? नाही. खरं तेच सांगते. पण "ते मला शोधत येतं" हा विचार मात्र गेला, आणि पहिली गाठ सुटली.

कळूनही भीती का जात नाही?

कारण भीती अकलेत नसते, अंगात असते. पाखरू दिसताच छाती धडधडते, हात गार पडतात, पाय आपोआप दाराकडे वळतात. पळालं की लगेच बरं वाटतं. ते बरं वाटणं हेच बक्षीस. मन शिकतं, "पळाले म्हणून वाचले." दरवेळी पळालं की हा धडा आणखी पक्का होतो. आपण थांबलो असतो तर काहीच झालं नसतं, हे शिकायची संधी मनाला कधी मिळतच नाही.

यावरचा इलाज जुना आहे आणि पारखलेला आहे. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती कशी घालवली ते लिहून ठेवलं. पीटर तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. त्याला आवडीचा खाऊ खायला बसवायचं आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, तो शांत राहील इतका लांब. मग रोज थोडा जवळ. शेवटी तो सशाला आपली बोटं कुरतडू देऊ लागला. आजचे मानसोपचारतज्ज्ञ अशा भीतीवर जे उपचार करतात, त्यांचा गाभा हाच आहे: भीतीच्या वस्तूजवळ थोडं थोडं, आपल्या मर्जीनं, पुरेसा वेळ थांबणं.

आता पाहा, माझ्या चुलतभावानंही मला पाखराजवळ नेलंच होतं की. मग फरक कुठं? मर्जीत. मला न विचारता, झोपेत, एकदम. त्यातून मन एवढंच शिकलं, की पाखरूही धोक्याचं आणि घरची माणसंही भरवशाची नाहीत.

माझ्या पायऱ्या

ताईंनी माझ्याकडून वहीत दहा पायऱ्या लिहून घेतल्या, सोप्यापासून अवघडपर्यंत. प्रत्येकीपुढे भीतीला शंभरपैकी गुण. मदतनीस म्हणून माझा धाकटा मुलगा, तेव्हा चौदा वर्षांचा. त्याच्याकडून तीन वचनं घेतली: हसायचं नाही, अचानक काही करायचं नाही, मी "थांब" म्हटलं की थांबायचं.

पहिली पायरी पतंगाचं चित्र काढण्याची. हसू नका, माझी पेन्सिल थरथरत होती. मग पुस्तकातला फोटो, तो नजर न वळवता पाहायचा. मग मोबाईलवर उडणाऱ्या पतंगाचा व्हिडिओ. मग मेलेलं पाखरू लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, झाकण घट्ट, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मग तीच बरणी टेबलावर, मग माझ्या हातात. बरणी हातात घेतली त्या दिवशी वहीत ऐंशी गुण लिहिले होते. वीस मिनिटं तशीच बसले. भीती चढली, टिकली, आणि मग हळूहळू चाळीसवर उतरली. पळून न जाता भीती उतरते, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

नियम दोनच. एक, भीती अगदी टिपेला असताना पायरी सोडायची नाही, थोडी उतरेपर्यंत थांबायचं. दुसरा, एक पायरी दोन-तीनदा नीट जमल्याशिवाय पुढची चढायची नाही. कधी मागेही यावं लागतं. सातवी पायरी होती पेल्याखाली झाकलेलं जिवंत पाखरू. तिथं मी चार दिवस अडकले आणि पुन्हा बरणीवर आले. त्यात हार नाही.

आठवीला पडवीतला बल्ब लावला आणि खिडकीच्या काचेमागून पाहत बसले. नववीला काचेच्या बाहेर, पडवीत, दहा मिनिटं. दहावीला भिंतीवरच्या पाखरावर पेला ठेवला, खालून पुठ्ठा सरकवला आणि अंगणात नेऊन सोडलं. हे सगळं व्हायला ऑगस्टपासून ऑक्टोबर उजाडला. कुणाला कमी वेळ लागेल, कुणाला जास्त.

घरच्यांनी काय करावं?

आता त्या आईला आणि मुलीच्या अब्बांना माझं सांगणं.

भाईसाहेब, तुमचा हेतू चांगला आहे, हे मला ठाऊक आहे. पण हातावर पाखरू ठेवू नका. त्याऐवजी तिच्याशेजारी बसून चित्राची पहिली पायरी तुम्ही स्वतः करा. मुलीच्या मनात अब्बांचा भरवसा राहिला, तर पुढच्या नऊ पायऱ्या ती चढेल.

भावंडांचं हसणं आजपासून बंद करा. आणि बाई, तुम्ही एक करा. ती किंचाळली की धावत जाऊन पाखरू मारू नका, दिवाही झटकन बंद करू नका. त्यानं तिला कळतं, की अम्मीलाही हा धोका वाटतो. शांतपणे जवळ बसा. "भीती वाटतेय ना? मी आहे. आपण जरा वेळ बसू, ती उतरेल." एवढं पुरे. पण एकदम पडवीत नेऊ नका. तिच्या पायरीपुढे तिला ओढायचं नाही.

पाखरं कमी यावीत म्हणून खिडकीला जाळी लावा, बाहेरचा पांढरा बल्ब काढून पिवळा लावा. पांढऱ्या-निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात. पण जाळीचा उपयोग घरासाठी करा, भीतीपासून पळण्यासाठी नको. पायऱ्या चालूच ठेवा.

भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली असेल आणि तिच्यामुळे शाळा, झोप, जेवण, घरकाम अडत असेल, तर तज्ज्ञांना दाखवायला लाजू नका. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र कधीही फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं. मुलीला वेडी ठरवायला नव्हे, पायऱ्या नीट आखून घ्यायला.

मला पाखरं आता आवडतात का? नाही. मानेजवळून काही फडफडलं तर आजही अंगावर काटा येतो. पण काटा येणं वेगळं आणि दार ओढून घेणं वेगळं.

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगून थांबते. अम्मी तेव्हा हयात होत्या, थोडं जास्त बोलू लागल्या होत्या. माझी पाळी होती. मध्यरात्री एक पाखरू आलं, दिव्याभोवती फिरलं आणि मच्छरदाणीवर बसलं, अगदी माझ्या हाताजवळ. अम्मी जाग्या झाल्या. म्हणाल्या, "पाणी." मी उठले, पेला भरला, मच्छरदाणी उचलली आणि त्यांच्या मानेखाली हात घालून पाणी पाजलं. माझे हात थरथरत होते, थोडं पाणी त्यांच्या ओढणीवर सांडलं.

अम्मींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे त्यांना मागच्या वर्षीची ती रात्र आठवत होती. वर्षभर त्यांनी कधी विषय काढला नव्हता. हळूच विचारलं, "पाखरू गेलं, बेटी?"

म्हटलं, "नाही अम्मी. इथंच आहे. बसू दे."